मंगळवारचा सूर्य धरायचा की नाही

(नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, ओत्तरविक गावची शाळा. मुख्याध्यापकांची खोली. जानेवारीतली भर दुपार, म्हणून बाहेर मिट्ट काळोख.)

तोरलेइफ : ...तर मंगळवारी सूर्य आला. आला, शाळेच्या पायरीला लागला, बंदरात भोंगा झाला, सरपंचबाईंचं भाषण झालं, गावाने सूर्याच्या स्वागताचे बन खाल्ले. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नाही ना?

ओशिल्ड : नाही.

तोरलेइफ : छान. आता यातलं काहीही झालेलं नाही.

ओशिल्ड : कशातलं?

तोरलेइफ : सूर्य आलेला नाही. नोव्हेंबरात गेला तो गेलाच आहे. यायला अजून पाच दिवस आहेत त्याला, पुढच्या बुधवारी यायचाय. कॉफी घे ना.

ओशिल्ड : अरे पण तू स्वतः टाळ्या वाजवत होतास.

तोरलेइफ : थंडी होती. हात चोळत होतो.

ओशिल्ड : आवाज येत होता.

तोरलेइफ : जोरात चोळत होतो.

ओशिल्ड : डोळे पुसलेस.

तोरलेइफ : वाऱ्याने. हे बघ ओशिल्ड, मुख्याध्यापक म्हणून मी तुला सांगतो, सूर्य आलाय असं धरलं तर या शाळेत अनर्थ होतो. आलाच नाही असं धरलं तर काही होत नाही. मी गेली पंचवीस वर्षं काही होऊ दिलेलं नाही. सकाळी एगिलचा फोन आला होता.

ओशिल्ड : कुठून?

तोरलेइफ : त्या उन्हाच्या बेटावरून. काळोखाच्या रजेवर गेलेला चौथीचा मास्तर दुसरीकडून कुठून फोन करणार? त्याला कुणीतरी कळवलं की सूर्य आला. म्हणाला, 'मी येऊ का परत?' पण असं म्हणाला, की वाळूत मानेपर्यंत पुरलेला माणूस कसा म्हणेल, 'मी उठू का?' तिकीट त्याचं बुधवारच्या बोटीचं आहे. मागे समुद्राचा आवाज येत होता. आपल्या समुद्राचा नाही. गरम समुद्राचा.

ओशिल्ड : मग येऊ दे की बुधवारी. तोवर मी आहेच.

तोरलेइफ : तू नाहीयेस.

ओशिल्ड : म्हणजे?

तोरलेइफ : तुझी नेमणूक काय म्हणते? पाठ आहे मला. 'काळोखाच्या रजेवरील शिक्षकाच्या जागी, सूर्य शाळेच्या पायरीवरून उतरेल त्या क्षणापासून, तो पुन्हा पायरीला लागेल त्या क्षणापर्यंत.' तारीख नाही, वार नाही. आमच्या पणजोबांच्या वेळचं कलम आहे. त्यांचा कॅलेंडरवर विश्वास नव्हता, पायरीवर होता.

ओशिल्ड : सही करताना मला वाटलं, ही कविता आहे.

तोरलेइफ : ओत्तरविकमध्ये कुणी कविता करत नाही. ते कलम आहे. मंगळवारी सूर्य पायरीला लागला आणि त्या क्षणी तुझी नोकरी संपली. त्यानंतर बुधवारी, गुरुवारी आणि आज सकाळी चौथीच्या वर्गात जे झालं ते शिकवणं नव्हतं. कुणीतरी एक अनोळखी बाई शाळेत शिरून मुलांना भिंगं वाटत होती.

ओशिल्ड : ती अनोळखी बाई काल तुझ्या शेजारी बसून मासा खात होती.

तोरलेइफ : तेही मी विसरायला तयार आहे. पण जिल्हा कार्यालय विसरत नाही. नेमणूक संपल्यावर शिकवलं तर त्या शिक्षकाला जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत पुन्हा घेता येत नाही. पुढच्या नोव्हेंबरात मी तुला बोलावू शकणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि मला बोलवायचंय, समजलं? तुझ्या आधीचा बदली शिक्षक डिसेंबरातच पळाला, खडू खिशात घेऊन. त्याच्या आधीची बाई पूर्ण काळोखभर राहिली, पण टेबलाखाली.

ओशिल्ड : मला यायचंय, तोरलेइफ. पुढच्या नोव्हेंबरात. आणि त्याच्या पुढच्या.

तोरलेइफ : मला माहितेय. म्हणून तर म्हणतो. आणि गंमत बघ, नोकरी तुझी दुसऱ्या कुणी नाही घालवली. तुझ्याच वर्गाने घालवली, तुझ्याच प्रयोगाने. आरशांनी. शिक्षक उशिरा आला म्हणून गेलेला मी पाहिलाय, दारू प्यायला म्हणून गेलेला पाहिलाय. धडा नीट शिकवला म्हणून गेलेली तू पहिली.

ओशिल्ड : मी डोंगरावर जा म्हटलं नव्हतं! आम्ही वर्गात टॉर्च घेऊन करत होतो. हवेत पीठ उडवायचं म्हणजे उजेडाची रेघ दिसते, ती आरशाने वळवायची, कोपऱ्यातल्या बादलीवर पाडायची. एवढंच.

तोरलेइफ : पीठ माहितेय मला. सफाईवाली दोन दिवस बोलत नव्हती माझ्याशी.

ओशिल्ड : मग मंगळवारी त्यांचा स्कीचा तास होता. कार्लेन डोंगराच्या माथ्यावर जाणार होते. माथ्यावरून सूर्य दिसतो या दिवसांत, थोडा वेळ, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी दक्षिणेची. मला वाटलं, नाही म्हणजे कुठेच नाही.

तोरलेइफ : हे त्यांना माहीत होतं. तुला आरसे माहीत होते. दोन्ही एकत्र आलं, माथ्यावरचा सूर्य त्यांनी आरशांनी खाली पायरीवर पाडला, आणि गावात त्या दिवशी एकही आरसा जागेवर राहिला नाही. स्तेनने अर्धी दाढी करून बोट काढली. अजून समुद्रावर आहे, अर्धाच. सलूनवाल्या लिव्हने आलेल्या बाईचे केस अंदाजाने कापले, आणि ती बाई होती सरपंच. त्या केसांनी तिने भाषण केलं. गाव सूर्याकडे बघत होतं म्हणून वाचली.

ओशिल्ड : छान दिसत होते. एका बाजूने.

तोरलेइफ : तर आता ऐक. उद्या गावसभा आहे. तू उभं राहायचंस आणि एकच वाक्य म्हणायचंस. 'मंगळवारी शाळेच्या पायरीला जे लागलं ते सूर्य नसून सूर्यासारखं काहीतरी होतं.' बसायचं. मी म्हणतो, 'विज्ञानाच्या बाई म्हणतायत म्हणजे असेल.' सगळे हो म्हणतात. सूर्य आलाच नाही, तुझी नोकरी गेलीच नाही, एगिल वाळूत, आणि बुधवारी गावाला पुन्हा बन.

ओशिल्ड : पुन्हा? बोर्गहिल्ड पुन्हा करेल एवढे?

तोरलेइफ : बेकरीवालीचं काय जातंय? ती म्हणाली, सूर्य महिन्यातून दोनदा आला तरी तिची हरकत नाही.

ओशिल्ड : सूर्यासारखं काहीतरी.

तोरलेइफ : हो. तुला पटतंय असा चेहरा कर फक्त.

ओशिल्ड : एकच वाक्य आहे म्हणा.

तोरलेइफ : एकच! लहानसं. तोंडातून निघून जाईल, तुला कळणारही नाही. फक्त मुलांनी सभेत उलटं बोलू नये, म्हणून मी चौथीच्या वर्गाचा प्रतिनिधी बोलावलाय. समजावून सांगू दोघं मिळून. कोण आहे प्रतिनिधी?

ओशिल्ड : रागना.

तोरलेइफ : स्तेनची रागना?

ओशिल्ड : तीच.

तोरलेइफ : अरे देवा. दुसरं कुणी नव्हतं निवडायला?

रागना : होते. मी जिंकले. तोरलेइफ, तुझं दार नीट लागत नाही, फटीतून सगळं ऐकू येतं. मी बूट काढू का?

तोरलेइफ : काढ. किती वेळ उभी आहेस?

रागना : 'काहीही झालेलं नाही'पासून.

तोरलेइफ : बस. हे बघ रागना, आपण शांतपणे बोलू. मंगळवारी तुम्ही मुलांनी पायरीवर काय पाडलंत?

रागना : सूर्य.

तोरलेइफ : उजेड.

रागना : सूर्याचा उजेड.

तोरलेइफ : आरशातला उजेड.

रागना : आरशात उजेड नसतो. आम्ही बघितलंय. आरसा कपाटात ठेवला, दार लावलं. आत कुणीतरी बघायला पाहिजे म्हणून युर्गनला पण ठेवलं. विचारलं, काय दिसतंय? म्हणाला, काहीच नाही. म्हणजे आरशाकडे स्वतःचं काही नसतं, जे मिळेल ते तो पुढे देतो. मग आम्ही ते वहीत लिहिलं.

तोरलेइफ : आणि युर्गन?

रागना : जेवणाच्या वेळी आठवला.

तोरलेइफ : ओशिल्ड!

ओशिल्ड : डबा होता त्याच्याकडे.

तोरलेइफ : बरं, ते राहू दे. रागना, समज, तुझा बाबा समुद्रावर आहे आणि त्याने तुला फोन केला. आवाज आला म्हणजे बाबा घरी आला असं होतं का?

रागना : नाही.

तोरलेइफ : झालं तर मग!

रागना : पण मी म्हणत नाही सूर्य घरी आला. मी म्हणते पायरीला लागला. नेमणुकीत काय लिहिलंय? 'येईल' लिहिलंय की 'लागेल'?

तोरलेइफ : ...लागेल.

रागना : मग लागला.

तोरलेइफ : ही दहा वर्षांची आहे?

ओशिल्ड : नऊ.

तोरलेइफ : तू सांग तिला. तुझं ऐकते ती. सांग.

ओशिल्ड : रागना, असं आहे बघ. एका अर्थाने ते...

रागना : कुठल्या?

ओशिल्ड : म्हणजे, एका बाजूने विचार केला तर ते नुसते डाग होते. उजेडाचे. डाग कशाचेही पडतात. टॉर्चचा पडतो, बोटीच्या दिव्याचा पडतो.

रागना : आकार काय होता?

ओशिल्ड : कशाचा?

रागना : डागांचा. तू पायरीवर उभी होतीस. तूच सांगितलंस आम्हाला नंतर, आम्ही खाली आल्यावर, उरलेले बन खाताना, तोंडात जॅम होता तुझ्या तरी सांगत होतीस.

तोरलेइफ : काय सांगितलंस?

ओशिल्ड : ते महत्त्वाचं नाही.

रागना : महत्त्वाचं आहे. बाबाचा दाढीचा आरसा चौकोनी. आजीचा लांबोळका. लिव्हकडचा पाटाएवढा, तो आम्ही घसरगाडीवर घालून नेला. हेल्गाच्या घरी धड आरसा नाही, तिने फुटक्याचा तिकोनी तुकडा आणला. चौदा जणांचे चौदा तऱ्हेचे आरसे. आणि खाली पायरीवर सगळे डाग गोल. तूच म्हणालीस, 'एकेक करून आले, आणि एकजात गोल!' आम्ही म्हटलं, असं का? तर तू म्हणालीस, जवळ धरला तर आरशाचा आकार पडतो. खूप लांबून धरला की आरशाचं काही चालत नाही, उजेड जिथून निघाला त्याचा आकार पडतो. म्हणालीस, 'हा डाग नाही रे पोरांनो, हे चित्र आहे. सूर्याचं.' मग तू जॅम पुसलास.

तोरलेइफ : हे खरं आहे?

ओशिल्ड : जॅम?

तोरलेइफ : गोल.

ओशिल्ड : खरं आहे.

तोरलेइफ : म्हणजे माझ्या पायरीवर...

ओशिल्ड : तुझ्या पायरीवर, दारावर आणि तुझ्या टोपीवर. हो.

तोरलेइफ : माझ्या टोपीवर सूर्याचं चित्र होतं आणि मला कुणी सांगितलं नाही?

रागना : तू हात चोळत होतास.

तोरलेइफ : थांबा. तरीही हे मला लिहिता येणार नाही. एक सूर्य आठवडाभर आधी आला, हे एक वेळ लिहीन. पण चौदा? शाळेच्या नोंदीत मी चौदा सूर्य कसे दाखवू? वरून पत्र येईल, बाकीच्या तेरांचं काय केलंत?

रागना : सूर्य एकच. चौदा वेळा.

ओशिल्ड : बरोबर.

तोरलेइफ : तू तिला बरोबर म्हणू नकोस! आपण काय ठरवलं मघाशी?

ओशिल्ड : मघाशी ती दाराबाहेर होती.

तोरलेइफ : फटीतून ऐकत होती, म्हणजे आतच होती. ओशिल्ड, एक वाक्य. 'सूर्यासारखं काहीतरी.' माझ्यासाठी नको म्हणूस, तुझ्यासाठी म्हण.

ओशिल्ड : मी पायरीवर का उभी होते, तुला माहितेय?

तोरलेइफ : नाही. मला वाटलं, किल्ली विसरलीस.

ओशिल्ड : ही सकाळी येऊन म्हणाली, 'ओशिल्ड, आम्ही माथ्यावर पोचलो की पायरीवर उभी राहा आणि डोळे मीट.' मला वाटलं, बर्फाचे गोळे मारणार. टोपी घट्ट केली. उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग डाव्या गालाला काहीतरी... ऊबही नाही रे, उबेचा विचार असतो ना, तसं. डोळे उघडले तर भिंतीवर एक पिवळा गोल. थरथरत होता, कारण कुणाचा तरी हात थरथरत होता वर. मग दुसरा आला, चुकला, गटारात गेला, परत आला. मग तिसरा.

रागना : चुकला तो युर्गनचा.

ओशिल्ड : दोन महिन्यांनी मी माझी सावली बघितली. इतके दिवस वाटत होतं, मी इथे आहे की नाही तेच नक्की नाही. आणि एकदम सावली. चौदा सावल्या, एकीवर एक.

रागना : तू डिसेंबरापासून जेवणाच्या सुट्टीत खिडकीत बसायचीस. बाहेर काहीच नसायचं आणि तू बघायचीस. आजी म्हणाली, दक्षिणेची माणसं अशी वाळतात काळोखात. मग आम्ही मतदान घेतलं.

ओशिल्ड : मतदान?

रागना : तुला सूर्य आणायचा की मोजे विणायचे. सूर्य सात, मोजे सात. मग युर्गनने मत बदललं, कारण त्याला विणता येत नाही.

तोरलेइफ : ओशिल्ड, कॉफी गार होतेय तुझी.

ओशिल्ड : मी नाही म्हणणार ते वाक्य.

तोरलेइफ : ओशिल्ड...

ओशिल्ड : नाही, तोरलेइफ. दोन महिने यांना एकच सांगतेय, आधी बघा, मग बोला. यांनी बघितलं. चौदा जणांनी गार पडलेल्या बोटांनी पायरीवर उजेड धरून ठेवला, त्या उंचीवरून. आता मी सभेत उभी राहून म्हणू, जे बघितलंत ते नव्हतं? माझी नोकरी जाईल, हे मी धरूनच चालते. पण तो सूर्य होता.

तोरलेइफ : पुढच्या नोव्हेंबरात मी तुला बोलावू शकणार नाही.

ओशिल्ड : ऐकलं मी.

तोरलेइफ : दुसरा कुणीतरी येईल. टेबलाखाली बसेल.

ओशिल्ड : त्याला उशी दे. फरशी गार असते.

रागना : मग पुढे काय झालं?

तोरलेइफ : पुढे काय होणार? मी पत्र लिहिणार, ती सामान बांधणार.

रागना : ते नाही. मंगळवारी. सूर्य पायरीला लागला. मग?

तोरलेइफ : मग भोंगा झाला. मग सरपंचबाई बोलायला उभ्या राहिल्या.

रागना : त्यांचं भाषण संपलं तेव्हा सूर्य होता का पायरीवर?

तोरलेइफ : त्यांचं भाषण संपेपर्यंत काय टिकतं? भाषणात मासळीच्या गोदामाच्या छपराचा भाग सुरू झाला आणि एकेक करून सगळे गोल गेले. काळोखात ऐकलं आम्ही बाकीचं.

रागना : आमचे हात दुखले. आणि माथ्यावरून पण सूर्य बुडाला. म्हणजे पायरीवरून उतरला.

तोरलेइफ : उतरला, हो. बरं मग?

रागना : नेमणूक म्हण परत. तुला पाठ आहे म्हणालास.

तोरलेइफ : 'काळोखाच्या रजेवरील शिक्षकाच्या जागी...'

रागना : एगिल रजेवरच आहे ना अजून?

तोरलेइफ : वाळूत आहे. '...सूर्य शाळेच्या पायरीवरून उतरेल त्या क्षणापासून...'

ओशिल्ड : अरे!

तोरलेइफ : '...त्या क्षणापासून, तो पुन्हा...' थांबा.

रागना : सूर्य लागला, तिची नोकरी गेली. सूर्य उतरला, तिची नोकरी परत लागली. मधे फक्त भोंगा आणि थोडंसं भाषण.

तोरलेइफ : थांबा, थांबा. म्हणजे बुधवार, गुरुवार आणि आज...

रागना : ती आपलीच होती. अनोळखी बाई नव्हती.

ओशिल्ड : म्हणजे मी फक्त मंगळवारी दुपारी बेकार होते.

रागना : आणि तेव्हा तू शिकवत नव्हतीस. बन खात होतीस. बेकार माणसाने बन खाल्ला तर चालतो ना, तोरलेइफ?

तोरलेइफ : चालतो. कलम नाही तसं काही. देवा... म्हणजे सूर्य आला, असंच धरायचं. आला आणि गेला. दोन्ही लिहायचं. आणि कुणाला खोटंही बोलायला नको. पण मग... ओशिल्ड, हे फारच विचित्र झालं. नोव्हेंबरापासून मंगळवारपर्यंत तुझा एक काळोख पूर्ण झाला. मंगळवारपासून बुधवारपर्यंत दुसरा. तू दोन काळोख काढलेली शिक्षिका आहेस. एकाच हिवाळ्यात!

ओशिल्ड : एगिलचे किती?

तोरलेइफ : एकही नाही. तो दर वर्षी पळतो. नियमाने बघितलं तर तू या शाळेतली सगळ्यात अनुभवी बाई ठरतेस. माझ्यानंतर. मी पंचवीस... नाही, हे मी आत्ता मोजणार नाही, वाईट वाटेल.

रागना : मग आता ती नाही जाणार.

तोरलेइफ : आता नाही जाणार. बुधवारी जाईल.

रागना : का?

तोरलेइफ : बुधवारी खरा... म्हणजे दुसरा... म्हणजे पुन्हा सूर्य येणार. कार्लेनच्या खांद्यावरून, स्वतःहून, आरशाशिवाय.

रागना : येऊ दे. अर्ध्या तासाने उतरेल. मग नोकरी परत. गुरुवारी परत तसंच. रोज थोडा वेळ जाईल, परत येईल.

तोरलेइफ : बुधवारच्या बोटीने एगिल येतोय, पोरी. त्याची रजा संपली की नेमणूकही संपली. एका खुर्चीत दोघं कसे बसणार?

रागना : एगिल बारीक आहे.

ओशिल्ड : रागना.

रागना : एगिल फळ्यावर सूर्य काढतो आणि त्याला बाण काढतो. मग म्हणतो, हा प्रकाश. आम्ही बाणाला हात लावला. खडू लागतो हाताला. दुसरं काही नाही.

ओशिल्ड : तू दाखव त्याला. आरसा कसा धरायचा ते.

रागना : त्याला नाही जमणार. दोन बोटांच्या फटीतून पायरीवर नेम धरायचा आणि श्वास सोडायचा नाही. तो फार श्वास घेतो. मला दुसरं सुचलंय. बाबाच्या बोटीची ताडपत्री आहे घरी, मोठी, हिरवी. बुधवारी आम्ही चौदा जण ती पायरीसमोर धरून उभे राहू. मग सूर्य पायरीला लागणारच नाही. अपारदर्शक वस्तू. तो पुढचा धडा आहे.

तोरलेइफ : समोर अख्खं गाव उभं असेल! हातात बन घेऊन! गाणं म्हणत!

रागना : ताडपत्रीसमोर म्हणायचं गाणं.

ओशिल्ड : नाही, रागना. बोर्गहिल्डची आई नव्वदीची आहे. ती दर वर्षी त्या पायरीवर हात ठेवायला येते. मंगळवारी तिला कुणी सांगितलंच नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तिच्यापुढे धरशील ताडपत्री?

रागना : ...नाही.

ओशिल्ड : मग झालं तर.

रागना : तुला पण हवाय ना सूर्य?

ओशिल्ड : हवाय की. सगळ्यांना हवाय.

रागना : मग आम्ही आणला तेव्हा रडलीस कशाला? आजीने बघितलं.

ओशिल्ड : वाऱ्याने.

रागना : वारा नव्हता. वर माथ्यावर पण नव्हता. असता तर आरसे हलले असते.

तोरलेइफ : खाली होता. थोडा.

रागना : तोरलेइफ, या शाळेत काही पाहिजे असेल तर काय करायचं असतं?

तोरलेइफ : अर्ज. लेखी. माझ्याकडे.

रागना : मग मी करते. बुधवार नको, असा.

तोरलेइफ : बुधवार रद्द करणं माझ्या हातात नाही, बाळा. मी खडू पुढे पाठवतो, छपराची गळती पुढे पाठवतो. सूर्य मी कुठे पाठवू?

रागना : जिथे असतो तिथे. डोंगराच्या मागे.

ओशिल्ड : आणि कारण काय देणार अर्जात?

रागना : रंगांचा धडा राहिलाय. तू म्हणालीस, बर्फाचा तिकोनी तुकडा कापायचा, त्यातून ऊन जाऊ द्यायचं, आणि भिंतीवर सगळे रंग पडतील. तो झाल्याशिवाय तू जायचं नाहीस. अर्धवट धडा सोडून कुणी जात नाही.

ओशिल्ड : पण त्या धड्याला ऊन लागतं, रागना. सूर्य आल्याशिवाय तो धडा होणार नाही. आणि तू म्हणतेस, धडा झाल्याशिवाय सूर्य येऊ नये. असा तो धडा कधीच पुरा होणार नाही.

रागना : हो.

तोरलेइफ : हं.

ओशिल्ड : हसू नकोस, तोरलेइफ.

तोरलेइफ : मी हसत नाहीये. मी कागद शोधतोय. हे बघ, रीतसर करायचं तर रीतसर करू. पत्ता, विषय, मजकूर. तू सांग, रागना, मी नीट भाषेत लिहितो. खाली सही कुणाची?

रागना : सगळ्यांची. युर्गनची पण.

ओशिल्ड : तू खरंच लिहितोयस?

तोरलेइफ : पंचवीस वर्षं न मिळणाऱ्या गोष्टींचे अर्ज लिहितोय मी. हात बसलाय. ...हं, झालं. शिक्का मारला. ऐका. 'प्रति, सूर्य, कार्लेन डोंगराच्या मागे. विषय : येत्या बुधवारच्या आगमनाबाबत. महोदय, आपण मंगळवारी एकदा येऊन गेल्याची नोंद या शाळेने घेतली आहे. त्याबद्दल शाळा आपली आभारी आहे. सबब बुधवारी पुन्हा येण्याची तसदी आपण घेऊ नये. इयत्ता चौथीचा रंगांचा धडा अद्याप बाकी आहे. तो पूर्ण होईपर्यंत आपले आगमन स्थगित ठेवण्यात यावे, आणि धडा पूर्ण झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार इयत्ता चौथीकडेच राहावा, ही नम्र विनंती.'